गोठा आणि धान्याच्या खोलीच्या पायाशी घुशींची बिळे : बंदोबस्त कोणत्या क्रमाने करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : उसाच्या शेताला लागून आठ जनावरांचा दगडी जोत्याचा गोठा आहे, त्याला चिकटून धान्य आणि पेंड ठेवण्याची खोली आहे, दोन्हींच्या पायाभोवती बिळे झाली आहेत आणि खोलीतील शहाबादी फरशी एका कोपऱ्यात खचली आहे. बाजारातील विषारी वड्या ठेवल्या की काही दिवस शांत जातात आणि पुन्हा ताजा उकीर, म्हणजे बिळातून उकरून काढलेली माती, दिसतो. आता कोणीतरी बिळांत वायूच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, टाकण्याचा सल्ला दिला आहे.

गोळ्यांबद्दलचे उत्तर आधी देतो, कारण तेथे विलंब धोक्याचा आहे. गोठा, घर, कोंबड्यांचे खुराडे किंवा धान्याची खोली यांच्या पायाशी या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत टाकू नयेत. तीन ग्रॅमची एक गोळी ओलाव्याशी संयोग पावून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो आणि मातीतील भेगा, दगडी जोत्यातील सांधे व बिळांचे फाटे यांतून वाट काढत इमारतीत शिरतो. बीळ बाहेर आहे म्हणून वायू बाहेरच राहील असे समजणे जिवावर बेतते. अमेरिकेतील युटा राज्यात २०१० साली घराबाहेरील बिळांत टाकलेल्या अशाच गोळ्यांचा वायू घरात पोहोचून दोन लहान बहिणी दगावल्या. त्यानंतर तेथे निवासी आवारात बिळांसाठी या गोळ्या वापरण्यास मनाई झाली आणि इतरत्रही माणसे किंवा जनावरे राहत असलेल्या इमारतीपासून १०० फुटांच्या आत त्या न वापरण्याचे बंधन आले. फॉस्फिनवर उतारा नाही. आपल्या देशातही या गोळ्यांची विक्री व वापर सरकारी यंत्रणा, सरकारी उपक्रम आणि सरकारी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे कीटकनियंत्रक यांच्यापुरताच मर्यादित आहे. दुकानदार सुट्या गोळ्या कागदात बांधून देत असेल, तर त्या घेऊ नयेत आणि शेजाऱ्यांनाही घेऊ देऊ नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषाने चार दिवस शांतता आणि मग पुन्हा तेच, या अनुभवाचे कारण प्राण्याच्या स्वभावात आहे, म्हणून प्राणी नेमका कोणता हे आधी ठरवले पाहिजे. आपण लिहिलेल्या खुणांवरून, म्हणजे बिळाच्या तोंडाशी मोठा भुसभुशीत उकीर आणि अनेक तोंडे मातीने बुजलेली, यावरून ही छोटी घूस असावी. शास्त्रीय नाव बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. ऊस आणि भात ही तिची आवडती पिके, आणि तेथून ती गोठे, गोदामे व धान्याच्या खोल्यांकडे सरकते. मोठी घूस, बॅन्डिकोटा इंडिका, आकाराने बरीच मोठी असते, तिचे वजन एक किलोच्या आसपास जाऊ शकते, आणि तिची बिळे बहुधा गटार, उकिरडा व कोंबड्यांच्या शेडजवळ आढळतात. घरातला काळा उंदीर आढ्यावर आणि वाशांवर फिरणारा आहे. तो क्वचितच जमीन पोखरतो. चिचुंद्री आयत्या बिळात राहते, कीटक खाते आणि तिच्या उग्र वासावरून ओळखू येते. तिच्यापासून पायाला काही धोका नाही, तिला मारण्याचे कारण नाही.

छोट्या घुशीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि सर्वसाधारण माहितीपत्रकांत ती बहुधा नसते. उंदराचे बीळ चालू आहे की ओस, हे तपासण्याची नेहमीची रीत म्हणजे संध्याकाळी सर्व तोंडे मातीने बुजवावीत आणि सकाळी जी उघडी दिसतील ती चालू समजावीत. ही घूस मात्र स्वतःच आतून तोंड बुजवून बसते. म्हणून तिच्यासाठी परीक्षा उलट करावी लागते : संध्याकाळी बुजलेली तोंडे काठीने वा खुरप्याने उघडावीत आणि सकाळी ज्यांवर आतून ताजी, ओलसर माती आणून लावलेली दिसेल, तेथे घूस आहे असे समजावे. हे न केल्यास माणूस उघड्या, ओस बिळांत आमिष टाकत राहतो आणि खरी घूस बुजलेल्या तोंडामागे सुखरूप राहते. चालू तोंडांवर चुन्याची खूण करून ठेवावी. हात मात्र बिळात कधीही घालू नये. घुशींच्या मागे नाग आणि घोणस याच बिळांत येतात.

दुसरी गोष्ट अशी की, पिल्ले असलेली मादी सोडली तर छोटी घूस बहुधा एका बिळात एकटीच राहते आणि आपले बीळ दुसऱ्यापासून राखते. बिळातील घूस विषाने मेली की ते तयार घर रिकामे होते आणि उसातून जागा शोधत आलेली तरुण घूस त्यात लगेच शिरते. मादीला सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले सुमारे तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात, त्यामुळे शेजारच्या उसात अशा उमेदवारांची वाण कधीच पडत नाही. म्हणजे आपण टाकलेले विष निकामी नव्हते. घूस मेली, पण बीळ जिवंत राहिले. माझे ठाम मत असे आहे की इमारतीच्या पायाशी घूस मारणे हे निम्म्याहूनही कमी काम आहे, आणि बीळ कायमचे मोडणे हे खरे काम आहे.

हे काम करताना क्रम पाळावा लागतो, कारण क्रम चुकला की प्रत्येक पायरीचा खर्च दुप्पट होतो.

सुरुवात अन्नापासून करावी. भरपूर पेंड आणि धान्य समोर असताना घूस आमिषाला तोंड लावत नाही. पेंड, सरकी आणि भुसा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत किंवा कोठ्यांत ठेवावा. पोती ठेवायचीच असतील तर ती जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर, आणि भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर दूर रचावीत, म्हणजे थप्पीच्या मागे चालता येते आणि ताज्या लेंड्या वेळीच दिसतात. आपल्या जुन्या घरांत कणगी दगडांवर उचलून ठेवत आणि शेणाने लिंपत, त्यामागेही हाच विचार होता. रात्री गव्हाणीत उरलेला खुराक सकाळपर्यंत तसाच पडू देऊ नये. माझ्या पाहणीत गोठ्यातील घुशींचे सर्वांत मोठे पोषण याच उरलेल्या खुराकावर होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. घुशीला पाणीही रोज लागते, त्यामुळे झिरपणारा हौद आणि टपकणारा नळ दुरुस्त करणे हा बंदोबस्ताचाच भाग आहे.

त्यानंतर आडोसा काढावा. भिंतीला टेकून रचलेली कडब्याची गंजी, जुन्या कौलांचा ढीग, मोडकी अवजारे आणि उकिरडा हे सर्व जोत्यापासून दूर न्यावे. गंजी दगडांच्या किंवा लाकडाच्या माचीवर उचलून रचावी. ऊस आणि गोठा यांच्यामध्ये निदान तीन मीटर रुंदीची पट्टी तण काढून स्वच्छ ठेवावी, कारण घूस उघड्यावरून जाण्यास कचरते. मधला बांध रुंद आणि गवताळ असेल तर तो छाटून अरुंद करावा; रुंद बांधात घुशींची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

येथे गोमूत्राच्या गटाराकडे विशेष लक्ष द्यावे. गोठ्यातून खड्ड्याकडे जाणारा पाइप किंवा दगडी नाली ही घुशीची रोजची वाट असते आणि अनेकदा पायाखालचे बीळ याच नालीच्या फुटक्या सांध्यातून सुरू झालेले असते. नाली उघडून धुवावी, सांधे सिमेंटने भरावेत आणि बाहेरच्या तोंडावर काढता-घालता येईल अशी लोखंडी जाळी बसवावी. शेण अडकून जाळी तुंबते, म्हणून ती पक्की न बसवता बिजागरीवर ठेवावी आणि आठवड्यातून एकदा साफ करावी.

हे दोन्ही झाल्यावर मगच मारण्याकडे यावे. गोठ्याच्या आणि खोलीच्या परिसरात मी पिंजऱ्यांना पहिली पसंती देतो. पिंजरा भक्कम आणि मोठा हवा. घरातल्या उंदरासाठीचा हलका पिंजरा घूस मोडून टाकते. पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडे ठेवावे आणि आत तळलेला पदार्थ, सुके मासे किंवा शेंगदाण्याची पेंड ठेवावी. घूस निर्धास्तपणे खाऊ लागली की मग दार लावण्याची योजना करावी. बिळे चारपाच असतील तर एवढ्यानेच काम भागते. रायगड आणि ठाणे भागात कातकरी मंडळी बीळ खणून उंदीर-घुशी पकडण्यात निष्णात आहेत. बिळाचे फाटे कोणीकडे गेले असतील हे ते उकीर पाहून सांगतात. असे जाणकार आपल्या भागात असतील तर त्यांना योग्य मजुरी देऊन बोलवावे. पायापासून दूर, बांधावरच्या बिळांसाठी तर याहून चांगला उपाय नाही.

बिळे जास्त असतील तर विष वापरावे लागते, आणि कोणते विष कोठे, हा भेद काटेकोरपणे पाळावा. झिंक फॉस्फाईड हे शेतातील विष आहे. भरड धान्य ९६ भाग, खाद्यतेल दोन भाग आणि झिंक फॉस्फाईड दोन भाग असे त्याचे आमिष करतात. त्याआधी दोन-तीन दिवस तेल लावलेले बिनविषारी धान्य द्यावे लागते, कारण त्याने आजारी पडून वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. पोटातील आम्लाशी संयोग होऊन तेही फॉस्फिनच तयार करते आणि त्यावरही उतारा नाही. म्हणून गोठा, खुराडे व खोली यांच्या आत ते आणूच नये. इमारतीजवळ ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या वापराव्यात. हे विष रक्त गोठू देत नाही, परिणाम साधारण चौथ्या दिवसापासून दिसू लागतो, आणि त्यामुळे घुशीला आमिषाचा संशय येत नाही. चुकून माणसाने किंवा जनावराने खाल्ल्यास व्हिटॅमिन के-१ हा त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी वा पशुवैद्यकांनी वेळेवर द्यावा लागतो. वडीचे वेष्टन जपून ठेवावे आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्यावे.

वड्या उघड्यावर टाकू नयेत. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे दीड-दोन फुटांचे तुकडे करून, वडी मध्यभागी तारेने बांधून, ते तुकडे भिंतीलगत चालू बिळांजवळ पक्के बसवावेत. वासरू, कुत्रा आणि कोंबडी यांचे तोंड मग वडीपर्यंत सहजी पोहोचत नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी खाल्लेल्या वड्या बदलाव्यात. पंधरा दिवसांत खाणे थांबते. मेलेल्या घुशी रोज सकाळी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि खोल पुराव्यात. हे टाळू नये, कारण विष खाल्लेली घूस घुबड, मांजर किंवा मुंगूस यांनी खाल्ली तर विष त्यांच्यातही उतरते. उरलेल्या वड्या शेतावर राहू देऊ नयेत. फोरेट किंवा कार्बोफ्युरानसारखी कीटकनाशके पिठात कालवून ठेवण्याची पद्धत काही गावांत दिसते. ती बेकायदेशीर आणि अत्यंत धोक्याची आहे. डांबराच्या गोळ्या आणि आवाजाची यंत्रे यांचा टिकाऊ उपयोग होत नाही. बिळात पाणी सोडणे पायाजवळ घातक आहे, कारण भराव भिजून जोते आणखी खचते, आणि कडब्याजवळ धूर करणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

मारण्याच्या काळात पिसवांचा विचार अवश्य करावा. यजमान मेला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या उबदार शरीराकडे जातात. सप्टेंबर १९९३ मधील लातूर-उस्मानाबादच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले, आणि पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगसदृश आजाराचे रुग्ण आढळले. त्याआधी गावात पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी होत्या. आज घाबरण्याचे कारण नाही, परंतु बिळांच्या तोंडाशी आणि भिंतीच्या कडेने, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, योग्य कीटकनाशक पावडर आधी टाकून मग मोहीम हाती घेणे शहाणपणाचे आहे. लेप्टोस्पायरोसिस हा त्याहून नित्याचा धोका आहे. घुशी-उंदरांच्या मूत्रातून त्याचे जंतू ओल्या जमिनीत येतात, पायाच्या जखमांतून माणसात शिरतात आणि गाई-म्हशींत गर्भपातही घडवतात. मुंबईत २००५ च्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात गोठ्यात अनवाणी काम करू नये, आणि ताप आल्यास डॉक्टरांना गोठ्यातील कामाची माहिती आवर्जून द्यावी.

आता बीळ मोडण्याचे काम. खाणे थांबल्यानंतर आणि बुजलेली तोंडे उघडूनही सलग चार-पाच दिवस ताजी माती लागली नाही, तर बीळ ओस झाले असे धरावे. फक्त तोंडावर सिमेंट लावणे व्यर्थ आहे. घूस वीतभर बाजूने नवे तोंड काढते आणि आतील पोकळी तशीच राहते. पहारीने बिळाचा मार्ग उघडत जावे. आत धान्याचा साठा सापडतो, कधी बराच मोठा. तो सगळा बाहेर काढावा आणि जनावरांना न घालता पुरून टाकावा. खचलेल्या फरशीखाली बहुधा अशीच कोठी असते, म्हणून तेथील फरशी काढल्याशिवाय इलाज नाही. मोकळी माती खरवडून, खडी आणि १:४:८ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट थराथराने भरावे आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. खोलीत त्यावर सलग कोबा करावा. सांधे असलेली फरशी पुन्हा बसवायची असेल तर ती कोब्यावर बसवावी, मातीच्या भरावावर नाही.

बाहेरून जाळीची आडभिंत घालावी. जोत्यालगत साधारण ६० सेंटिमीटर खोल चर खणावा, १२ मिलिमीटर चौकटीची जस्तलेपित वेल्डेड जाळी जोत्याला वरून घट्ट बसवून खाली सोडावी आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूस ३० सेंटिमीटर आडवी वळवावी. भिंतीलगत खणत आलेली घूस जाळीला अडते, खाली जाते, आडव्या जाळीवर पुन्हा अडते, आणि जाळीचा बाहेरचा काठ शोधण्यासाठी मागे सरकण्याची बुद्धी तिला सहसा होत नाही. जाळीची तार निदान एक मिलिमीटर जाड हवी. कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी पातळ जाळी येथे टिकत नाही. चर बुजवल्यावर वर ६० सेंटिमीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा किंवा खडीचा जाड थर द्यावा. त्याने घूसही अडते आणि पागोळीचे पाणीही पायापासून दूर जाते.

या खोदकामात एक सावधगिरी आहे आणि ती मी आग्रहाने सांगतो. आपला गोठा दगड-मातीच्या बांधणीचा आहे. अशा भिंतीचा पाया अनेकदा उथळ असतो. संपूर्ण भिंतीलगत एकदम चर खणल्यास भिंत सरकू शकते. एका वेळी दीड-दोन मीटरचाच टप्पा खणावा, तो बुजवून ठोकावा, मग पुढचा टप्पा मधली जागा सोडून घ्यावा. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नये. पाया दीड फुटावर संपत असेल तर जाळी तेथेच आडवी वळवावी. भिंतीला तिरकी भेग पडलेली असेल, तर खोदण्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे आणि तोवर त्या बाजूची जनावरे दुसरीकडे बांधावीत. हे काम मे महिन्यात करावे. तेव्हा माती कोरडी असते, शेतात खाणे कमी असल्याने घुशी आमिष लवकर घेतात, आणि पावसाने शेतातील बिळे भरून त्या उंच जागेच्या, म्हणजे आपल्या जोत्याच्या, शोधात निघण्यापूर्वी वाट बंद होते. दाराच्या खालची फट सहा मिलिमीटरपेक्षा कमी करून, लाकडी दाराच्या तळाशी वीतभर रुंद पत्रा ठोकणेही त्याच वेळी उरकावे.

प्रत्येक बीळ मात्र घुशीचे नसते. विताहून रुंद तोंड आणि जवळ पडलेले काटे म्हणजे साळिंदर. कोकणाच्या बाजूला मोठे, वारुळाजवळचे बीळ खवले मांजराचे असू शकते. मुंगूस आणि घोरपड याही बिळांत राहतात. हे सर्व प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे, आणि अशा वेळी वन विभागाला कळवणे हाच मार्ग आहे. धामणीबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. घुबड बाहेर आलेली घूस टिपते, पण धामण बिळात शिरून पिल्लेही खाते. ती बिनविषारी आहे, तरीही गोठ्याजवळ दिसली की लाठ्या निघतात. ओळख पटत नसेल तर सर्पमित्राला बोलवावे. तिला मारू नये. गव्हाणी घुबडासाठी शेताच्या कडेला उंच खांबावर पेटी लावावी, आणि ती लावल्यावर त्या भागात ब्रोमॅडिओलोनचा वापर शक्य तेवढा बंद ठेवावा.

आपल्या शेजाऱ्यांच्या गोठ्यांतही हीच तक्रार असेल. वड्या आणि पिंजरे सर्वांनी एकाच आठवड्यात लावावेत, अन्यथा आपल्याकडून हटलेल्या घुशी त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडच्या आपल्याकडे येत राहतील. ऊसतोड झाल्यानंतरच्या पंधरा दिवसांत आणि खरिपाची मळणी आटोपल्यावर जोत्याभोवती रोज सकाळी एक फेरी घालावी. ताजा उकीर दिसला तर त्याच संध्याकाळी पिंजरा लावावा. पहिली घूस बिळात स्थिरावण्यापूर्वी ती पकडली, तर विषाची वेळ बहुधा येत नाही.